मागचा दर्या

उमेशचा फोटो स्टुडिओ डहाणू स्टेशनजवळ. दुपारी बाजार ओसरला तेव्हा मासेवाली हंसाबाई रिकामी पाटी दाराबाहेर ठेवून आत आली. कमरेच्या पिशवीतून तिनं एक फोटो काढला. तिचा नवरा देवजी घोट्याएवढ्या पाण्यात उभा, मागं होडी, आणि त्यामागं नजर पोचेल तिथवर समुद्र. त्याच होडीनं तो गेला. पुढं होडीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या, देवजी नाही लागला.

"हा मागचा दर्या काढ, भाऊ. ज्यानं माणूस नेला त्यालाच भिंतीवर टांगू काय?"

"मग मागं काय घालू? बाग आहे, बंगला आहे, बर्फाचे डोंगर आहेत."

"बर्फात उभं केलंस तर थंडीनं परत मरतील ते. घर घाल. घराचं दार."

ती बर्फाच्या गाडीवाल्याशी बोलून येते म्हणून गेली.

उमेशनं फोटो स्कॅन केला. स्क्रीनवर देवजीभोवती कडेकडेनं रेघ ओढली, तशी ती तुटक रेघ मुंग्यांच्या रांगेसारखी पळू लागली. एक बटण दाबलं आणि समुद्र गेला. दाराचा चांगला फोटो त्याच्याकडे एकच होता, कोसबाडच्या टेकडीवरच्या त्याच्या स्वतःच्या घराचा. हिरवं दार, पुढं तुळस, पायरीवर लेकीच्या, ठकीच्या, लाल चपला. त्या पायरीवर त्यानं देवजीला उभं केलं. पाय पाण्यात असल्यामुळं फोटोत आलेच नव्हते, म्हणून तुळस सरकवून तेवढा भाग झाकला.

फोटोतल्या माणसांशी बोलायची त्याला सवयच होती. "या देवजीकाका," तो म्हणाला, "घर आपलंच समजा."

पायरीवर ओला डाग दिसला. त्यानं तो पुसला. चहा पिऊन येतो तर डाग दोन पायऱ्यांवर. स्कॅनरची काच मळली असेल म्हणून त्यानं झाकण उघडलं. काचेवर बारीक वाळू होती.

हंसाबाई परत आली. स्क्रीनकडं बघत राहिली.

"हे कुणाचं दार?"

"माझंच. कोसबाडचं. छान दिसतंय ना?"

"अरे, मी माझं दार म्हणत होते." तिचा आवाज खाली गेला. "होडीवर जाताना आमचा माणूस 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणतो. हेही 'येतो' म्हणूनच गेले. इतके दिवस वाट शोधत असतील, आणि तू तुझं दार दाखवलंस. घरी कोण आहे?"

"बायको. आणि ठकी, चार वर्षांची."

"दर्या परत घाल. आधी घाल."

उमेश हसणार होता. पण स्क्रीनवर देवजी पाठमोरा झाला होता.

तुळस बाजूला होती. तिच्यामागं पाय दिसत होते. ते पाय त्यानं केले नव्हते.

त्यानं मूळ फोटो उघडला. समुद्र आला, होडी आली. माणूस आला नाही.

दाराच्या फोटोत ती मुंग्यांची रेघ अजून पळत होती, माणसाच्या आकारात. आत कुणी नव्हतं. हिरवं दार अर्धं उघडं होतं.

त्यानं घरी फोन लावला. बायकोनं, जयश्रीनं, उशिरा उचलला.

"दार लावून घे. कुणी आलं तरी उघडू नकोस."

"हे काय, तुम्ही फोनवर कसे?" ती हसली. "आत्ता तर 'आलो गं' म्हणत आत आलात. मी स्वयंपाकघरातूनच ओ दिली. पाय तरी पुसायचे, सगळ्या घरात वाळू."

"ठकी कुठंय?"

"तुमच्याच कडेवर होती की. पाठमोरे दिसलात, तिला घेऊन बाहेर पडताना. 'येतो' म्हणालात."

हंसाबाईनं पदर तोंडात धरला. ती स्क्रीनकडं बघत होती.

दर्याच्या फोटोत, होडीला लागून, एक लाल चप्पल तरंगत होती.