ठमीला कुणी पाजलं?

आत्याबाईंना त्या दुपारी एकच काम सांगितलेलं होतं. बाळ सांभाळायचं, आणि उद्या सकाळपर्यंत आईचं दूध त्याच्या तोंडी लागू द्यायचं नाही. एवढं काम कोपऱ्यातली काठीसुद्धा करील, असं त्या भाचीला म्हणाल्या आणि तळघरातल्या बाकावर ऐसपैस बसल्या.

भाची म्हणजे त्यांच्या भावाची मुलगी. ती अंगावर पीत होती तेव्हाच तिची आई गेली, छातीतल्या गाठीनं. तेव्हापासून आत्याबाईंनीच तिला वाढवलं. लग्न, नवरा असल्या भानगडीत त्या स्वतः कधी पडल्या नाहीत. "आयतं लेकरू मिळालं, बाळंतपणाचा ताप वाचला," असं चारचौघांत सांगायच्या. आता त्या लेकराला लेकरू झालं होतं. गोल, टकलं, उठसूट खिदळणारं. घरात सगळे तिला ठमी म्हणत. आणि ठमीला पाजता पाजताच भाचीच्या बोटांना गाठ लागली होती. डाव्या बाजूला, तिच्या आईला होती अगदी तिथेच.

हे कुणीही मोठ्यानं बोललं नव्हतं. आत्याबाई तर गाठ सोडून जगातल्या यच्चयावत गोष्टींवर बोलत होत्या.

दवाखाना ओळखीचा होता. पाजणाऱ्या बायकांनी काय खाल्लं की दूध कसं उतरतं, याचं संशोधन तिथे चाललेलं, आणि भाची त्यात होती. दर महिन्याला पौष्टिक पावडरचा डबा मिळायचा. काही डब्यांत खरी पावडर, काहींत नुसतंच भाजलेलं पीठ. कुणाला काय मिळालंय ते डॉक्टरांनाही ठाऊक नसायचं. आत्याबाईंना मात्र ठाऊक होतं. निम्मा डबा त्याच गट्ट करत होत्या, आणि त्यांचे गुडघे दुखायचे थांबले होते.

"भाचीचं वजन काही वाढत नाहीये हो," आहार बघणारी बाई सकाळी म्हणाली होती.

"वाढेल की. घाई कसली," आत्याबाई म्हणाल्या आणि स्वतःचं घट्ट झालेलं पोलकं खाली ओढून घेतलं.

तपासणीचं मशीन तळघरात. लांबलचक बोगद्यासारखं, त्यात पालथं झोपायचं आणि छातीचे फोटो निघेपर्यंत हलायचं नाही. भाचीला लिफ्टमध्येसुद्धा घाम फुटतो, म्हणून तिला झोपेचं औषध द्यायचं ठरलं. ते देणाऱ्या डॉक्टरणीला आत्याबाई तोंडावर 'भूलवाली' म्हणायच्या, आणि तीही ओ द्यायची.

"औषध दुधात उतरतं," भूलवालीनं बजावलं. "बाळाला तेवढं दूध चुकूनही नको. बाटली घेते ना?"

"बाटली बघितली की तोंड असं फिरवते, जसा सासुरवाडीला आलेला रुसका जावई."

"मग संशोधनातली कुणी आई असेल तर पाजेल. नाहीतर वाटीचमचा."

ही त्या दवाखान्यातली रीत होती, कुठल्या नियमात न लिहिलेली. एक आई औषध घेऊन आत गेली की बाहेर बसलेली दुसरी तिच्या बाळाला जवळ घ्यायची. आत्याबाईंनी हे किती वेळा पाहिलं होतं. म्हणून पुढे जे झालं त्यात त्यांना गैर काही वाटलं नाही.

भाचीला बोगद्यात सरकवेपर्यंत आत्याबाई तिचा हात धरून आतच होत्या. आत जायचं तर अंगावर धातूचं काही चालत नाही, म्हणून बांगड्या, केसांचे आकडे, चष्मा, सगळं आधीच्या खोलीतल्या एका ट्रेमध्ये काढून ठेवलेलं. भाचीचे डोळे मिटले तशा त्या बाहेर आल्या आणि दाराशी नर्सनं धरलेल्या ठमीला घेतलं. दार बंद झालं. चष्मा आतच राहिला.

आता तळघरातला तो बोळ त्यांच्यापुढे नुसती धुरकट पट्टी होता. वरचे दोन दिवे गेलेले, तिसरा जाऊ की राहू करत होता. स्पिरिटचा वास. भिंतीपलीकडे मशीन सुरू झालं. ठक्, ठक्, ठक्... मग लांबच लांब घरघर, मग पुन्हा ठक्, ठक्. आत कुणी तरी दार वाजवावं तसं.

ठमी आधी हसली, मग कुरकुरली, मग तिनं जो सूर लावला तो वरच्या मजल्यावर गेला असेल. चमचा तिनं उडवला. वाटी आत्याबाईंच्या मांडीवर उपडी केली.

"अगं, तुझी आई इथे नाही म्हणून मला भिजवतेस होय? मी काय केलंय तुझं?"

"द्या इकडे... मी घेते."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी बसलं होतं. निळा ढगळ झगा, तपासणीला आलेल्या बायकांना देतात तसा. चेहरा आत्याबाईंना चष्म्याशिवाय दिसायचा नव्हता. पावलं मात्र ऐकू आली नव्हती, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

आपलं काम त्या विसरल्या नाहीत. "औषध घेतलंय का तुम्ही?" त्यांनी दरडावून विचारलं.

"मला आता कुठलं औषध..."

"बरं. मग घ्या."

ठमी त्या मांडीवर गेली आणि गप्प झाली. अशी गप्प, की मशीनसुद्धा क्षणभर थांबलं. मग चुटूचुटू आवाज येऊ लागला आणि भिंतीपलीकडली ठकठकही त्याच तालात सुरू झाली. स्पिरिटचा वास मागे सरला. कोमट दुधाचा, उन्हात वाळलेल्या जुन्या लुगड्याचा वास पसरला. आत्याबाईंना एकाएकी फार बरं वाटलं आणि मानेवर काटाही आला. दोन्ही एकदम कसं, ते त्यांना उमगेना. असा गोंधळ झाला की त्या बोलत सुटायच्या.

"तुम्हालाही गाठ का?"

"होती."

"मग?"

"...आता कसली."

"चांगलं झालं. आमच्या पोरीचीही जाऊ दे म्हणजे मिळवली. तिची आई याच दुखण्यानं गेली हो. माझी वहिनी. वयानं लहान, पण मानानं मोठी, म्हणून मी अहोजाहो करायची, आणि ती हसायची." आत्याबाई थांबल्या. हे त्या कुणाला सांगत नसत.

 त्या बाईची दोन बोटं तेवढी धुरकटातून दिसत होती, ठमीच्या कानाची पाळी चोळणारी. दुमडायची, सोडायची. दुमडायची, सोडायची. हे आपण पाहिलंय, आत्याबाईंना वाटलं. कुठे, ते आठवेना.

"हिला पुढच्या वेळी... माझ्याजवळच राहू दे," ती हळूच म्हणाली. "तुम्ही थकता."

"बरं बाई," आत्याबाई म्हणाल्या. ठमीचा तोच सूर पुन्हा लागू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

घरघर थांबली. वरचा दिवा लख्ख लागला. ठमी आत्याबाईंच्याच मांडीवर होती, ओठाच्या कडेला दुधाचा थेंब, आणि गाढ झोपलेली. बाकाचं दुसरं टोक रिकामं होतं.

भूलवाली बाहेर आली ती थेंबाकडे बघतच. "कुणी पाजलं हिला?"

"ती काय, निळ्या झग्यातली. तुमच्यातलीच."

"आत्याबाई, आज संशोधनातलं कुणीच नाही. आज फक्त तुमची भाची आहे. आणि निळा झगा..." ती अडखळली. "निळे झगे बंद करून किती वर्षं झाली. आता पांढरे देतो आम्ही."

आत्याबाईंनी ठमीला छातीशी ओढलं. एकच काम होतं. तेवढं एक. कुणाचं दूध, त्यात काय होतं, कुणास ठाऊक. भूलवालीनं ठमीच्या तळव्याला टिचकी मारली. ठमी हलली नाही. गाल हलवले. नाही. कानाशी टाळी वाजवली. नाही. आत्याबाई आयुष्यात पहिल्यांदा अवाक्षर न बोलता उभ्या होत्या.

मग ठमीनं एवढी मोठी ढेकर दिली की भूलवाली मागे सरली. डोळे उघडले, दोघींकडे पाळीपाळीनं पाहिलं आणि खिदळली.

"मेली, जीव घेतलास की माझा," आत्याबाई म्हणाल्या आणि तिथेच फतकल मारून बसल्या. संध्याकाळपर्यंत ठमीची नाडी, श्वास, सगळं तपासून झालं. औषधाचा मागमूस नव्हता.

फोटो बघणाऱ्या डॉक्टरांनी भाचीला आणि आत्याबाईंना पडद्यासमोर बसवलं. भाचीनं आत्याचा हात घट्ट धरलेला.

"ही गाठ," ते म्हणाले. पहिल्या फोटोत ती टपोऱ्या द्राक्षासारखी दिसत होती. "यात नुसतं दूध साचलंय. वाईट काही नाही. काळजी सोडा."

भाची रडली, हसली, परत रडली. आत्याबाईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला. "सांगत होते ना मी." त्यांनी काहीही सांगितलं नव्हतं.

"एकच आहे," डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले. शेवटचा फोटो त्यांनी पुढे आणला. गाठ नव्हती. त्या जागी नुसती सुरकुतलेली पिशवी. "मशीनमध्ये असतानाच रिकामी झाली. दाबानं होतं कधीकधी असं." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "पण खालची गादी तर कोरडी होती."

आत्याबाईंनी ट्रेमधून परत मिळालेला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ठमीच्या कानाकडे पाहिलं. पाळी लालबुंद झाली होती. तेव्हा त्यांना आठवलं. भाचीला पाजताना वहिनी अशीच कानाशी खेळायची.

घरी त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. पावडरचा डबा मात्र त्या दिवसापासून भाचीच्या हवाली केला, आणि गुडघे पुन्हा दुखू लागले तरी तक्रार केली नाही. घरात हसणं परत आलं. भाचीनं गाणं म्हणत ठमीला न्हाऊ घातलं. सहा महिन्यांनी पुन्हा एक फोटो काढायचाय, एवढंच राहिलं होतं. भाचीला त्याचं काही वाटत नव्हतं. आत्याबाईंना वाटत होतं, कारण त्या 'पुढच्या वेळी'ला 'बरं बाई' त्यांनीच म्हटलं होतं.

काल दुपारी ठमी पाळण्यात झोपली होती. भाची आत कपड्यांच्या घड्या घालत होती. पाळण्याजवळ आत्याबाई एकट्याच, डोळ्यांवर चष्मा, खिडकीतून भरपूर ऊन. ठमीच्या डाव्या कानाची पाळी दुमडली. सरळ झाली. पुन्हा दुमडली. कोमट दुधाचा वास आला.

आत्याबाईंनी पदर खोचला. "वहिनी," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "लाड झाले. तुमची पोर बरी आहे, तिची पोर बरी आहे. मी थकलेली नाही. सोडा आता."

पाळी हळूहळू सरळ झाली.

आत्याबाईंनी सुस्कारा टाकला.

मग उजव्या कानाची दुमडली.