टेकाआड गेलेला तास

रोज सकाळी आठ पन्नासला लाँचवरचा तास मरायचा. अगदी घड्याळ लावून मरायचा म्हणा ना! मुलांच्या हातातल्या उजेडपाट्या (चित्र, आवाज आणि अक्षरं पकडणाऱ्या पातळ पाट्या) धडधाकट, बॅटऱ्या भरलेल्या, शाळेच्या छपरावरचा मनोरा ठणठणीत. तरी लाँच बैलकड्याचं वळण घेऊ लागली की पाटीवरच्या उतेकर बाई तोंड उघडं ठेवून तशाच थिजायच्या. पुढची पंचवीस मिनिटं अकरा मुलं त्या उघड्या तोंडाकडे बघत बसायची. ऑक्टोबरात असं एकदाही झालं नव्हतं. फेब्रुवारी उजाडला आणि हे दुखणं सुरू झालं. आता सांगा, एकही यंत्र बदललं नसताना मधल्या चार महिन्यांत बदललं तरी काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त झोंबत होता तो केतकी संकपाळला. कारण ही सगळी योजना तिची होती.

ही गोष्ट तुमची मुलं शाळेत जातील त्या काळातली. धरणाच्या पाण्याकाठी माळेवाडी नावाचं गाव, तिथे एक शाळा. पाण्यापलीकडच्या वाडीतली अकरा मुलं सूर्यावर चालणाऱ्या लाँचमधून तासभर प्रवास करून शाळेत यायची. शिक्षण खात्याने ठरवलं, की हा तास फुकट घालवायचा नाही. शाळेतला पहिला तास लाँचवरही दिसला पाहिजे. कसा, ते मुलांनीच ठरवायचं, आणि मदतीला एक यंत्रमानव. तो गुडघ्याएवढा, चाकांवर चालणारा, आणि स्वतः काडीचंही न ठरवणारा. नुसते प्रश्न विचारायचा. म्हणून मुलं त्याला विचारे गुरुजी म्हणायची.

सातवीतली केतकी हुशार, यात वादच नाही. पाटी उघडून परत जोडणारी शाळेत ती एकटीच. तिने दोन दिवसांत, सगळ्यांना आपापल्या पाटीवर वाचता-लिहिता येईल अशी योजना लिहिली आणि वर मोठ्या अक्षरात टाकलं, 'नियोजनप्रमुख : केतकी संकपाळ'. ते वाचून वाचून तिला गुदगुल्या व्हायच्या.

तिच्या सुखात एकच खडा होता, तो म्हणजे जनाई शेलार. जनाई पलीकडच्या वाडीतली, त्याच वर्गातली. बोलायची सावकाश, लिहायची त्याहून सावकाश. पण आठवड्यातून एकदा असं काही विचारायची, की उतेकर बाई खडू खाली ठेवून म्हणायच्या, "वा, जनाई!" केतकीचे पैकीच्या पैकी गुण आले तर बाई नुसती मान हलवायच्या. आणि हिला वा! केतकीचा कसा तिळपापड व्हायचा, ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्याही वर्गात एखादी जनाई असेलच.

मार्च लागायला आठ दिवस उरले, तेव्हा खात्याचं पत्र आलं. उतेकर बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं. लाँचवरचे तास असेच बुडत राहिले, तर पुढच्या वर्षी त्या अकरा मुलांना तालुक्याच्या वसतिगृहात ठेवावं लागेल. पाहणीला दहा मार्चला खात्याच्या मोहिते मॅडम येणार होत्या.

पलीकडच्या मुलांची तोंडं एवढीएवढीशी झाली. आणि केतकीच्या मनात काय आलं, माहीत आहे? 'म्हणजे जनाई जाईल.' बरं वाटलं तिला. अगदी क्षणभरच, पण वाटलं. मग जनाईच्या मागे बसलेला पहिलीतला पोरगा मुसमुसायला लागला, आणि केतकीला स्वतःचीच लाज वाटली.

मधल्या सुट्टीत ती विचारे गुरुजींना घेऊन मनोऱ्याखाली गेली. "सगळ्या तारा तपासल्या. मनोऱ्याची ताकद दुप्पट केली. तरी तास आठ पन्नासलाच बंद पडतो."

"तिथे काय दिसतं?" गुरुजींनी विचारलं.

"तिथे कुठे?"

"वळणावर. तू लाँचमध्ये किती वेळा बसलीस?"

केतकीचं घर शाळेला लागून. लाँचने जायची तिला कधी गरजच पडली नव्हती. लाँचवरच्या शाळेची अख्खी योजना लिहिणारी ही नियोजनप्रमुख लाँचमध्ये एकदाही बसली नव्हती!

दुसऱ्या दिवशी पहाटे बापूकाका रिकामी लाँच पलीकडे नेतात, त्यात ती बसली. बापूकाका म्हणजे लाँचचे चालक, जनाईचे सख्खे काका. पलीकडे उतरायचा धक्का पार खाली गेला होता. मुलं चिखलातून उड्या मारत येत होती. जनाईने तिला बघितलं आणि काही न विचारता सरकून बाकावर जागा करून दिली. तेही केतकीला खुपलं. एवढं चांगलं वागायची काही गरज होती का?

आठ पन्नासला बाई थिजल्या. केतकीने मान वर केली. शाळेच्या बाजूला पाण्यातून एक लांबलचक, तपकिरी उंचवटा वर आला होता.

"हे काय?" तिने विचारलं.

"गवळ्याचा टेक," जनाई म्हणाली. "दसऱ्याला पाण्याखाली असतो. उन्हाळा जवळ आला की धरणाचं पाणी उतरतं, मग वर येतो. आजोबांचे भाजीचे वाफे होते त्याच्यावर, धरणाच्या आधी."

केतकी बाकावर उभी राहिली, टाचा उंचावल्या. शाळेचा मनोरा दिसेना. टेक मधे येत होता. आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

पाट्यांपर्यंत धडे आणणाऱ्या लहरी आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्या उजेडासारख्याच जवळजवळ सरळ जातात. मनोरा आणि पाटी यांच्यामध्ये मोकळी दृष्टिरेषा (मधे काहीही आड न येणारी सरळ रेघ) लागते. ऑक्टोबरात टेक बुडालेला होता आणि लाँच भरल्या पाण्यावर उंच तरंगत होती. लहरी पाण्यावरून बिनबोभाट यायच्या. आता पाणी वीस-पंचवीस मीटर उतरलं, त्याबरोबर लाँचही उतरली आणि टेक उघडा पडला. मनोऱ्याची ताकद दुप्पट करा नाहीतर दसपट, मातीचा एवढा मोठा ढीग काय बाजूला होणार आहे? बदललं होतं ते पाणी. आणि केतकीने योजना लिहिली होती शाळेच्या खिडकीत बसून, भरल्या तळ्याकडे बघत.

शाळेत पोचल्यावर सगळे जमले. उतेकर बाईंनी ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "अगं जनाई, तू असलंच काहीतरी विचारलं होतंस ना? मग पुढे ते लावून का नाही धरलंस?"

जनाई गोंधळली. "लिहिलं होतं, बाई. सगळ्यांच्या योजनेत. 'फेब्रुवारी-मार्चात पाणी खाली जातं, तेव्हाचं काय?' असं. दुसऱ्या दिवशी ते दिसेना. मला वाटलं, नंतर चूक सापडली म्हणून तुम्हीच काढलं."

केतकीच्या कानशिलांतून वाफा निघायच्या बाकी होत्या. ती ओळ तिला चांगली आठवत होती. ती वाचून बाई 'वा' म्हणाल्या होत्या. त्याच संध्याकाळी केतकीने घरी बसून ती खोडून टाकली होती, कुणाला न सांगता. विचारे गुरुजींना प्रत्येक खाडाखोड ठाऊक असायची, पण ते एका अक्षराने बोलले नाहीत.

"बाईंनी नाही, मी काढलं," केतकी म्हणाली.

"का?" जनाईने विचारलं.

"बाई तुला वा म्हणाल्या म्हणून."

कुणी हसलं नाही. "एवढ्यासाठी?" जनाई म्हणाली, आणि तिचा आवाज इतका साधा होता, की केतकीला रडू फुटलं.

बाईंनी तिला रडू दिलं. मग एवढंच म्हणाल्या, "दहा मार्चपर्यंत दिवस मोजकेच आहेत. डोळे पूस आणि कामाला लाग."

"टेकावर दुसरा मनोरा उभा करू," कुणीतरी सुचवलं.

"जुलैत बुडेल की तो," जनाई म्हणाली. तिने थोडा विचार केला. "पिंपं चालतील का? मासेमारीच्या जाळ्यांना बांधतात तसली रिकामी? पाण्याबरोबर खाली जातील, पाण्याबरोबर वर येतील."

केतकीला आधी वाटलं, हे मला का नाही सुचलं! मग वाटलं, पण पिंपावर काय बसवायचं ते हिला नाही सुचणार. ते माझं काम.

टेकाला वळसा घालून तीन पिंपं सोडायचं ठरलं, म्हणजे प्रत्येकावरून बाकीची दोन्ही नीट दिसतील. प्रत्येकावर केतकीने एक झेल्या (आलेली लहर झेलून पुढे फेकणारं यंत्र) बसवला. नांगराचा दोर किती ठेवायचा ते बापूकाकांनी सांगितलं. आठवीतल्या अन्वरने झेल्यांना मेणकापडाचे रेनकोट शिवले. आणि केतकीने आणखी एक गोष्ट केली. आधी तिच्या योजनेत प्रत्येक पाटी थेट मनोऱ्याशी बोलायची. मनोरा दिसेनासा झाला की सगळ्या एकदम मुक्या. आता तिने जाळीजोडणी केली, म्हणजे प्रत्येक पाटी आणि प्रत्येक पिंप ऐकणार आणि शेजाऱ्याला सांगणारही. एक वाट बंद झाली तर निरोप दुसऱ्या वाटेने येतो.

नऊ मार्चला केतकी विचारे गुरुजींना घेऊन लाँचमध्ये बसली. बापूकाका म्हणाले, "मधलं पिंप बंद करून बघू." केतकीने ते बंद केलं. पाटीवरच्या बाई क्षणभर अडखळल्या आणि पुन्हा बोलायला लागल्या. निरोप बाकीच्या दोन पिंपांवरून वळून आला होता.

विचारे गुरुजींनी विचारलं, "आत्ता ह्या जाळ्यात पुढारी कोण होतं?"

"ज्याला पुढचा रस्ता दिसत होता, तो," केतकी पटकन म्हणाली. मग तिचं तिलाच काहीतरी कळलं आणि तिने वळून जनाईकडे बघितलं.

दहा मार्चला मोहिते मॅडम लाँचमध्ये केतकीशेजारी बसल्या, हातात वही आणि कपाळाला आठ्या. आठ पन्नास झाले. लाँच वळली. बाई पाटीवर अपूर्णांक शिकवत होत्या, त्या शिकवतच राहिल्या. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. एकदाही तास तुटला नाही. पहिलीतल्या पोराने तर एक गणित सोडवून वर मॅडमनाच तपासायला दिलं.

मॅडमच्या आठ्या गेल्या. "छान. आता नोंदीत एक नाव लागेल. नियोजनप्रमुख कोण तुमच्यात?"

सगळ्यांनी केतकीकडे बघितलं. कागदावर तिचंच नाव होतं अजून. पाच महिने ती ह्याच प्रश्नाची वाट बघत होती.

"कुठल्या कामाचं विचारताय, मॅडम?" केतकी म्हणाली. "पाणी कधी कुठे असतं आणि पिंपं कुठे सोडायची, त्यात जनाई. झेल्या आणि जाळी माझी. दोर बापूकाकांचा. अन्वर नसता तर प्रत्येक झेल्या भिजून गेला असता."

"ते ठीक आहे गं. पण ह्या सगळ्यांच्या वर कोण?"

केतकीने जनाईकडे बघितलं. "वर कुणी नाही. वर एकटा मनोराच होता, तेव्हाच तास बंद पडत होता."

मॅडमनी पेन थांबवलं. मग एका नावाच्या रकान्यात त्या बारीक अक्षरात एकेक नाव लिहायला लागल्या. वसतिगृहाचा कागद त्यांनी घडी करून पिशवीत टाकला आणि विचारलं, की तळ्याकाठच्या आणखी सहा शाळांना हे शिकवाल का. लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, "पिंपांची कल्पना तुझी का? वा, जनाई!"

केतकीच्या पोटात दुखलंच, खोटं कशाला सांगू? पण ह्या वेळी तिने खोडरबर शोधला नाही. ती जनाईच्या कानाशी वाकली. "पावसाळ्यात पाणी झपाझप चढतं ना? तेव्हा दोर पुरेल का गं?"

जनाईने खांदे उडवले. "ते मलाही नाही माहीत."

मग दोघी उठल्या आणि तोल सावरत बापूकाकांना विचारायला पुढे गेल्या.