खुनी कोण ते सांगू नका

ल्यों शहरावर दुपारची रिमझिम, थिएटरात अंधार, आणि पडद्यावर पहिला खून पडून गेलेला... तेव्हा तो आला.

सोलांजनं बॅटरीच्या उजेडात त्याला खुर्ची दाखवली आणि रीतीप्रमाणे हात पुढे केला. खुर्ची दाखवणाऱ्या मुलींचं पोट बक्षिसीवरच चालतं. त्यानं खिसे उलटे केले, तर नुसतं पीठ भुरभुरलं!

अशा चिक्कूला शिक्षा ठरलेली: खुनी कोण ते आधीच सांगून टाकायचं. ती त्याच्या कानाशी वाकली. खरं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याच्या पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया पाहिल्या, अन् जीभ वळेना.

"खुनी — तो पाद्री आहे," तिनं ठोकून दिलं.

दुसऱ्या दुपारी स्वारी पुन्हा हजर. हातात कागदात गुंडाळलेला, ऊन ऊन लोण्याचा पाव.

"ही कालची बक्षिसी. मी बातिस्त, कोपऱ्यावरचा पाववाला. रात्रभर भट्टीपाशी, म्हणून काल शेवटाआधीच झोप लागली. खरंच पाद्री का हो?"

"छे! ती नर्स."

"अहो, काल तर—"

"जशी बक्षिसी, तसा खुनी!"

रोज पाव यायचा, रोज खुनी बदलायचा; आणि शेवट जवळ आला की बातिस्त घोरायचा. दिवे लागायच्या आधी सोलांज त्याच्या चेहऱ्यावर हळूच उजेड धरायची. तो डोळे उघडायचा... आणि तिचंच काळीज धडधडायचं.

मंगळवारी शेवटचा खेळ. उद्या दुसरा सिनेमा. खुनी एकदा कळला, की हा कशाला फिरकतोय इकडे?

मुलींनी बसायचं नाही, अशी मालकीणबाईंची सक्त ताकीद. तरी ती त्याच्या शेजारी बसली. आज तो जागा होता.

पडद्यावर इन्स्पेक्टरनं खुन्याची खोटी दाढी ओढून काढली. सगळं थिएटर हसलं. बातिस्त मात्र तिच्याकडेच बघत होता.

"अहो, खुनी तिकडे!"

"ठाऊक आहे. पावाच्या रांगेत बायकांच्या पोटात काही राहतं का? पहिल्याच सकाळी कळलं."

"मग... रोज कशाला येत होतात?"

"तो उजेड तोंडावर पडतो ना — माझी पहाट तेव्हा होते."

सोलांजला हसू फुटलं, डोळेही भरले. बोटांत त्याची पिठाळ बोटं गुंतली.

"उद्याच्या सिनेमातही खून आहे," ती पुटपुटली. "खुनी कोण, सांगू?"

"रोज एक सांग. जन्मभर पुरव."

तिनं बॅटरी विझवली.