अडलेला शब्द

कपाळ कीबोर्डवर टेकवून मी बसले होते, आणि पडद्यावर ‘त’ची लांबच लांब रांग लागली होती.

“इतके ‘त’? यंत्रालाही तोतरं करून सोडलंत की!”

मी मान वर केली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात लेख शोधून द्यायला जो बसतो, तो होता. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि हसू गालभर.

“माझी ताई अशीच बोलते,” मी म्हणाले.

हसू जागच्या जागी मावळलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला बिचारा... आणि तिथेच मी फसले.

माझं संशोधन ताईमुळेच सुचलेलं. अडखळत बोलणाऱ्या मुली हळूहळू गप्प का होतात? आमच्या घरी ताईचं वाक्य आई पुरं करते, बाबा करतात, शेंडेफळ असून मीही करते. कधी नव्हे ती ताई माझ्यापुढे रेकॉर्डर लावून बोलायला तयार झाली होती. पण आधीचं संशोधन दाखवल्याशिवाय विभाग विषय मंजूर करणार नव्हता, आणि ‘तोतरेपणा’ टाकलं की डेटाबेसमधून यायचे जेमतेम नऊ लेख. त्यातला एक पोपटांवर.

“पोपट काढू नका हं,” तो म्हणाला. “निदान तो बोलतो तरी.”

“तुमच्यासारखा?”

“मी कुठे बोलतो... मी फक्त शोधतो.”

मग रोज संध्याकाळी मी जाऊ लागले. तो खुर्ची ओढून शेजारी बसायचा. साबणाचा मंद वास यायचा, कोपराला कोपर लागायचं आणि दोघंही ते लागलंच नाही असं दाखवायचो.

“आज काय शोधायचं?”

“काल सापडलं नाही ते.”

“आणि सापडलं तर?”

“तर तुमची सुटका!”

“मग नकोच सापडायला,” तो हळूच म्हणाला.

मी लाजले. मला ती गंमत वाटली. गंमत!

विभागाची सभा पुढच्या महिन्यात होती. ती अचानक अलीकडे आली आणि दहा मिनिटांत माझा विषय निकालात निघाला. ‘यावर कुणी काम केलेलंच दिसत नाही.’ नोंदणीची मुदत संपत आलेली, म्हणून त्यांनीच दुसरा विषय गळ्यात मारला आणि नोंदवूनही टाकला; आता बदल नाही. मी तशीच ग्रंथालयात गेले. त्याला सगळं सांगितलं.

तो पांढराफटक पडला. त्याने कीबोर्ड पुढे ओढला आणि एकच शब्द टाकला — ‘ओघभंग’.

पडदा भरून गेला. लेखांमागून लेख, पानांमागून पानं.

“डेटाबेस प्रत्येक विषयाला आपला ठरलेला शब्द लावतो,” तो खालमानेने म्हणाला. “तोतरेपणाला हा लावलाय.”

“केव्हा सापडला?”

“पहिल्याच संध्याकाळी... तुम्ही गेल्यावर. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत राहिलो. सभेला वेळ आहे असं वाटलं—”

“का पण?”

“सांगितलं असतं, तर तुम्ही पुन्हा आला असता?”

एवढा हुशार माणूस, आणि एवढंही कळू नये?

“आले असते,” मी म्हणाले. “नुसतं ‘या’ म्हणाला असतात तरी आले असते. रोज आले असते. मला तुम्ही आवडता हो... फार आवडता.”

त्याने हात पुढे केला. तो हात धरावा असं इतकं वाटलं, की मी माझे दोन्ही हात पिशवीच्या पट्ट्यात गुंतवून टाकले.

“उद्या... याल?”

“घरी ताई वाट बघतेय. आरशासमोर उभी राहून बोलायचा सराव करतेय ती. तिला जाऊन काय सांगू, ते आधी सांगा.”

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

मी निघाले. जिना उतरताना रडू आवरत नव्हतं. माघारी जावं, त्याच्या खांद्यावर डोकं टेकून तिथेच रडावं, असं प्रत्येक पायरीवर वाटत होतं. मी खाली उतरत राहिले.