फोटोपुरता नवरा

माझ्या नवऱ्याला बोट लागली आणि तो अर्ध्या वाटेतूनच आमच्या ताइताइ गावाला परत गेला.

नवरा म्हणजे फोटोपुरता. आमच्या किनाऱ्यासमोरच्या बेटावर नवं, महागडं रिसॉर्ट उघडलं होतं आणि हनिमूनला येणाऱ्या जोडप्यांना भुलवायला त्यांना फोटो हवे होते. नवरा मनिलाहून मागवला होता. नवरी म्हणून मला उचललं, कारण रिसॉर्टच्या मॅनेजर मिस ओफी ताइताइतल्या आमच्या पार्लरमध्ये केस कापायला यायच्या. एक दिवस आरशातूनच म्हणाल्या, "तेसी, तुझं हसू बरं आहे. तीन दिवस बेटावर राहशील का?"

मग काय, पांढरा गाऊन घालून मी वाळूत उभी... आणि शेजारी कुणीच नाही. फोटोग्राफर कुया बोयेत ('कुया' म्हणजे आमच्याकडे कुठलाही दादा) डोकं धरून ओरडत होता, "ऊन चाललंय! मला कुठूनही एक पुरुष आणून द्या!"

तेवढ्यात शेजारच्या व्हिलासमोर एक माणूस समुद्रातून पोहून बाहेर आला. केसांतून पाणी निथळत होतं. बाजारात मासा पारखावा तसं मिस ओफींनी त्याला वरून खालपर्यंत पाहिलं.

"सर, तुमचं लग्न झालंय?"

"न... नाही."

"मग आज करा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळे मिस्कील, पण कान लाल. "यांची हरकत नसेल तर..."

"माझी हरकत इथे विचारतंय कोण!" मी म्हणाले. "आधी पायांची वाळू झटका. गाऊन भाड्याचा आहे."

त्याचं नाव रोदेल. इलोइलोचा. एकटाच राहायला आला होता. त्याचं बोलणं असं मऊ, की मी न राहवून म्हटलं, "तुमच्याकडची माणसं शिवीसुद्धा लाडात देतात म्हणे."

"देऊन बघू का, इंदाय?"

'इंदाय' म्हणजे त्यांच्याकडे कुठलीही मुलगी. पण तो म्हणाला की वाटायचं, जगात एकच आहे.

"नजरेत नजर घाला!" कुया बोयेत ओरडला. "बायको आहे ती, पोस्टातली बाई नाही!"

रोदेलचा हात माझ्या कमरेपाशी येऊन हवेतच थांबला होता. मी हळूच म्हटलं, "थरथरताय."

"सवय नाही."

"लग्नाची?"

"इतक्या जवळून... कुणी बघण्याची."

मी गाऊनच्या चुण्या नीट करू लागले. कुया बोयेत मात्र रंगात आला होता. त्यानं पेटीतून खलाशाची पांढरी टोपी काढून रोदेलच्या डोक्यावर ठेवली.

"काढा ती!" मी एकदम ओरडले. "खलाशाशी मी खोटंखोटंसुद्धा लग्न करणार नाही."

सगळे हसले. रोदेलनं टोपी काढली. तो हसला नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोटो सकाळीच उरकले. दुपारी आम्ही दोघं होडी वल्हवत बेटाच्या पाठीमागे गेलो. बोलता बोलता 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. मी त्याला खोलीतल्या पलंगाबद्दल सांगत होते, "एवढा मोठा पलंग! मी बाई एका कडेला अंग चोरून झोपते."

"मीसुद्धा. मला अरुंद जागेची..." तो थांबला. "सवय आहे."

"करतोस काय तू?"

"इंजिनं दुरुस्त करतो."

तेवढ्यात सर आली. आम्ही कातळाच्या कपारीत शिरलो. पाऊस बाहेर कोसळत होता, आत एक थेंब नाही, तरी यानं अंगातला शर्ट काढून माझ्या डोक्यावर धरला.

"अरे, पाऊस बाहेर पडतोय!"

"माहीत आहे... काहीतरी करावंसं वाटलं."

शर्टाखाली त्याचा चेहरा अगदी जवळ होता. ओठांवर समुद्राचं मीठ... मी डोळे मिटले की त्यानं आधी मिटले, कुणास ठाऊक.

परतताना मी हवेत होते. धक्क्याला होडी लागली. रोदेलनं दोर उचलला आणि माझ्याकडेच बघत, एका हातानं, खांबाला गाठ मारली. माझे बाबा मारायचे तशी. अगदी तशीच.

मी त्या गाठीकडे बोट दाखवलं. "तू जहाजावर असतोस."

त्यानं दोर सोडला. "...हो. सोमवारी सिंगापूरहून जहाज निघतंय. नऊ महिने."

"सांगितलं का नाहीस?"

"टोपी काढ म्हणालीस तेव्हा सांगणार होतो. मग तू पुन्हा हसलीस... आणि मला आणखी एक दिवस हवासा वाटला."

मी ताडताड खोलीत निघून गेले. त्याला काय माहीत! बाबा जहाजावर असताना घरी खोकी यायची, चॉकलेटांनी आणि साबणांनी भरलेली. बाबा यायचे नाहीत. आले तेव्हा मी सहा वर्षांची होते. आईच्या मागे लपून मी त्यांना विचारलं होतं, "कुया, तुम्ही कुणाकडे आलात?" बाबा कितीतरी वेळ पायरीवरच बसून राहिले होते.

शेवटच्या सकाळी आम्ही एकमेकांशी न बोलता उभे राहिलो. कुया बोयेत खूश. "वा! आज खरे नवरा-बायको दिसताय!"

फोटो संपल्यावर मी आईला फोन लावला. सगळं सांगितलं. आई ऐकत होती, मागे तेलात काहीतरी तडतडत होतं.

"आई, तू इतकी वर्षं वाट कशी पाहिलीस?"

"वाट कोण पाहत होतं? तुम्ही पोरं होतात, दुकान होतं. मी जगत होते. फोन वाजला की मात्र हात पुसत धावायचे. तुझ्या मावश्यांचे नवरे जन्मभर घरातच आहेत. त्यांच्याकडे धावताना एकीला तरी पाहिलंयस?"

"दुखलं नाही?"

"दुखलं की. रडलेसुद्धा. दुखणार नाही असं मी कुठे म्हणतेय?" मग जरा थांबून म्हणाली, "घेऊन ये त्याला. जेवायला मासा आहे."

परतीच्या बोटीत मी रोदेलच्या शेजारी जाऊन बसले. "आमच्या घरी जेवून जा."

"रागावून?"

"रागावूनच. ताट घासायलाही लावेन."

घरी बाबा कोंबड्यांना दाणे टाकत होते. त्यांनी रोदेलकडे पाहिलं. "डेक की इंजिन?"

"इंजिन, काका."

"म्हणजे म्हातारपणी कमी ऐकू येईल. बरंय, ही फार बोलते."

मी स्वयंपाकघरात भात वाढत होते. कुडाच्या भिंतीतून बाबांचा आवाज येत होता, हळू, अडखळत. "घरी आलास ना, की आल्या आल्या खोकी उघडत बसू नकोस. मी तेच केलं. नुसता बस. तुझी माणसं आपणहून जवळ येईपर्यंत... नुसता बस."

मी चमचा ठेवून भिंतीला कान लावला. बाबा हे आयुष्यात कधी कुणाला बोलले नव्हते.

विमानासाठी पोर्तो प्रिन्सेसाला जाणाऱ्या व्हॅनपर्यंत मी त्याला पोचवायला गेले. ड्रायव्हर टपावर सामान बांधत होता. रोदेल काहीच मागत नव्हता, वचनसुद्धा नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

"ऐक," मी म्हटलं. "मी खिडकीत बसून झुरणार नाही. पार्लरमध्ये जाईन, फिएस्ताच्या जत्रेत नाचेन."

"नाच."

"आणि तू मला आवडतोस. भीती वाटते... फार वाटते... तरी आवडतोस."

लाडात शिव्या देणाऱ्या गावचा माणूस, आणि एक अक्षर सापडेना! त्यानं माझे दोन्ही हात नुसते घट्ट धरून ठेवले. भर रस्त्यात, भाजीवाल्या बघत असताना.

"ओ साहेब!" ड्रायव्हर ओरडला. "चढताय की लग्न करताय?"

"दोन्ही," रोदेल म्हणाला. माझ्याकडेच बघत. "पण आज फक्त चढतो."

नऊ महिन्यांनी, पावसाळी वारं सरलं तेव्हा तो आला. थेट आमच्या दारात, स्वतःच्या घरीसुद्धा न जाता. आई त्याबद्दल त्याच्या आईची अजून माफी मागते.