गुंडोपंतांवर गरम पाण्याचा आळ

साताऱ्याच्या जानेवारीत अंगभर साबण लावून झाल्यावर नळातून गार पाणी आलं, की माणसाला कोणावर तरी संतापावंच लागतं. देवस्थळ्यांच्या घरातले सगळे एकमेकांवर संतापून झाले होते. उरले होते गुंडोपंत. म्हणून सगळे त्यांच्यावर संतापले.

गुंडोपंत हे घरकामाचे यंत्रमानव. उंची स्टुलाएवढी, पायांच्या जागी जिनाही चढणारी चाकं, पण हात लांबवले की थेट छताला टेकायचे. यंत्राला अरे म्हणायचं की अहो, हा वाद आजीने पहिल्याच दिवशी मिटवला होता. नावात पंत आहे, तेव्हा अहो. त्यांना मराठी शिकवताना कंपनीने बहुधा सरकारी परिपत्रकं वाचायला दिली असावीत, कारण ते चहासुद्धा 'आपल्या माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी' म्हणून समोर ठेवत.

ते घरी आले त्याच आठवड्यात न्हाणीघरात नवा मिक्सर नळ (गरम आणि गार पाणी पोटात एकत्र करून एकाच तोंडाने सोडणारा नळ) बसला. त्याआधी दोन वेगळे नळ होते, खाली बादली होती आणि घरात शांतता होती. मिक्सर आला आणि गरम पाण्याची धार सुतळीएवढी झाली. मग तीही गार झाली. गच्चीवर सोलरची टाकी, वर लख्ख ऊन, टाकीतलं पाणी दुपारी हात पोळेल इतकं कढत, आणि सकाळी नळाला मात्र हिमालय. त्यात आजीने संक्रांतीसाठी धुऊन सोलरशेजारी वाळत घातलेले तीळ दोनदा भिजले. आकाशात ढग औषधालाही नव्हता. गच्चीवर कपडे वाळत घालायला जायचे ते फक्त गुंडोपंत.

"हाच गरम पाणी पळवतोय," असं जाहीर केलं ते घरातल्या धाकट्या केतकीच्या आजोबांनी, म्हणजे अण्णांनी. अण्णा निवृत्त शास्त्रज्ञ. धरणाच्या भिंतीला पाणी किती जोराने ढकलतं, हे मोजण्यात त्यांचा जन्म गेला होता. नदीने कधी फसवलं नाही, ते बादली काय फसवणार, असं ते म्हणत. चोरलेल्या पाण्याचं गुंडोपंत करतात काय, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. आरोप मोठा असला की असले तपशील कोणी विचारत नाही.

बाबांनी कंपनीला कळवलं. रविवारी सकाळी गाडी येणार होती. गुंडोपंतांना परत नेऊन त्यांची स्मृती पुसायची आणि मग दुसऱ्या घरी पाठवायचं, असं ठरलं.

सहावीतली केतकी हे ऐकून लालबुंद झाली. तिला अंधाऱ्या जिन्याची भीती वाटते, हे घरात फक्त गुंडोपंतांना माहीत होतं. ते रोज संध्याकाळी काहीतरी काम काढून तिच्यापुढे दिवा लावून चालत आणि याबद्दल कोणाला चकार शब्द बोलत नसत. ते सगळं आता पुसलं जाणार होतं. तेही एका नळापायी.

तिने गुंडोपंतांनाच सरळ विचारलं, की तुम्ही पाणी घेता का.

"माझ्या शरीरात पाणी शिरल्यास हमी रद्द होते," गुंडोपंत म्हणाले. "सबब मी आंघोळ करत नाही. हे कोणीही विचारलेले नाही, ही बाब खेदाने नमूद करतो."

केतकी तडक अण्णांसमोर जाऊन उभी राहिली. "अण्णा, पुरावा दाखवा. नुसतं 'हाच' म्हणून काय? असं तर शेजारच्या कदमकाकूपण बोलतात, त्यांना कोणी शास्त्रज्ञ म्हणत नाही."

हे अण्णांना झोंबलं. कदमकाकूंचं नाव काढलं नसतं तर कदाचित झोंबलं नसतं. त्यांनी शनिवारी दुपारी बैठकीच्या खोलीत प्रयोग मांडला. दोन बाटल्या, माशांच्या टाकीच्या नळ्या, आणि त्या नळ्या जोडणारा तीन तोंडांचा एक छोटा तुकडा. दोन तोंडांना दोन बाटल्यांच्या नळ्या आणि तिसरं तोंड मोकळं. हा झाला मिक्सर, अण्णा म्हणाले.

एका बाटलीत साधं पाणी भरून ती त्यांनी पाटावर ठेवली. ही सोलरची टाकी. दुसरीत कपड्यांची नीळ कालवली. हे गार पाणी. ती कुठे ठेवायची, यावर ते थोडे अडले, आणि मग आरोपीलाच म्हणाले, "पंत, ही धरा. अगदी वर." गुंडोपंतांनी हात लांबवून बाटली छताला टेकवली.

"गार पाणी एवढं उंच का?" केतकीने विचारलं.

अण्णांनी समजावलं, की पाण्याचा दाब (म्हणजे ढकलण्याचा जोर) टाकी केवढी आहे यावर नसतो, ती किती उंच आहे यावर असतो. तळं भरून पाणी असलं तरी ते कमरेएवढ्या उंचीवर असेल, तर त्याचा जोर कमरेएवढाच. सोलरची टाकी न्हाणीघराच्या डोक्यावर, जेमतेम एक मजला वर. तिचा जोर बेताचा. गार पाण्याला मात्र बाबांनी मिक्सरबरोबरच पंप लावला होता, शॉवर जोरात यावा म्हणून. पंप पाण्याला असा ढकलतो, की जणू टाकी सहाव्या मजल्यावर आहे.

केतकीने मोकळ्या तोंडाखाली पेला धरला. पेल्यात निळंच पाणी पडू लागलं. साधं पाणी आलं, पण नावाला.

"बघ," अण्णा खुशीत म्हणाले. "दार एक, बाहेर पडणारे दोन. त्यातला धटिंगण दारात उभा राहिला, की दुसऱ्याला वाट कुठली? म्हणून गरम धार बारीक." एवढं बोलल्यावर आपण गुंडोपंतांच्या बाजूने साक्ष देतोय हे त्यांच्या लक्षात आलं. धार बारीक होण्याचं ठीक आहे, ते सावरून म्हणाले. पण गरम पाणी टाकीतून नाहीसं होतं, त्याचं काय? गच्चीवरच्या पाण्याचं काय?

इतक्यात पेला भरला. आजीची सतरंजी भिजू नये म्हणून केतकीने मोकळ्या तोंडावर अंगठा दाबला.

निळं पाणी थांबलं. क्षणभर जणू त्याने विचार केला. मग ते वळलं, समोरच्या नळीत शिरलं, आणि पाटावरच्या बाटलीत चढू लागलं. साधं पाणी निळसर झालं, बाटली काठोकाठ भरली आणि पाणी वरून वाहून थेट अण्णांच्या चपलांवर आलं.

सोलरच्या टाकीवर एक उघडी नळी असते, वाफ आणि हवा बाहेर जायला. तिच्याखालीच आजी तीळ वाळत घालायची.

"अण्णा," केतकी म्हणाली, "तीळ."

अण्णांनी मान हलवली, पण ते सहजी हरणारे नव्हते. मिक्सरचा दांडा खाली केला की दोन्ही वाटा बंद होतात, ते म्हणाले. इथे तू अंगठा लावलास. न्हाणीघरात अंगठा कोण लावतं?

केतकीने त्यांना हात धरून न्हाणीघरात नेलं. मिक्सरला लवचीक नळी होती, नळीच्या टोकाला हातात धरायचा शॉवर, आणि शॉवरच्या मुठीवर एक बटण. ते अण्णांनी स्वतः बसवलेलं. साबण लावताना पाणी वाया जाऊ नये म्हणून. शिवाय त्यांनी घराला नियमच घालून दिला होता : कोमट मिश्रण एकदा मनासारखं जमलं, की दांड्याला हात लावायचा नाही. विरजण लावलेलं भांडं जसं हलवत नाहीत, तसं. आंघोळ झाली, की बटण दाबून यायचं.

सगळं घर निमूट बटण दाबून येत होतं. दांडा मध्येच उघडा, पुढचं दार बंद, आणि रात्रभर गार पाणी गरम पाण्याच्या वाटेने गच्चीवर चढत होतं. पाण्याचा थेंब वाचवायच्या नियमाने रोज टाकीभर ऊन वाया जात होतं.

अण्णा हट्टी होते आणि शास्त्रज्ञही होते. या दोन गोष्टी एकाच माणसात असल्या, की थोडा वेळ लागतो. त्यांनी प्रयोग आणखी दोनदा केला. चपला दोनदा भिजल्या. मग ते गुंडोपंतांना म्हणाले, "हात खाली घ्या आता, पंत." एवढंच. पण आवाज अगदी हळू होता.

त्या रात्री दांडा पुरता बंद करून ठेवला. रविवारी उजाडताच नळाला कढत पाणी आलं, पण त्यात गार मिसळायला गेलं की गरम धार पुन्हा सुतळीएवढी. दाबांची बरोबरी झाली नव्हती ना. कोपऱ्यावरचं दुकान उघडताच बाबांनी दोन एकदिशा झडपा (पाण्याला पुढे जाऊ देणारी, मागे फिरू न देणारी दारं) आणल्या, आणि दोन्ही नळ्यांवर एकेक बसवली. मिक्सरचं गार पाणीही पंपावरून काढून गच्चीवरच्या साध्या टाकीला जोडलं. आता दोन्ही पाणी एकाच गच्चीवरून येणार होतं. उंची सारखी, जोर सारखा. केतकीने दांडा मधोमध केला आणि शॉवरखाली हात धरला. भरघोस, कोमट पाणी.

तेवढ्यात खाली गाडी वाजली. अण्णा स्वतः जिना उतरून गेले.

"चोर सापडला," त्यांनी गाडीवाल्याला सांगितलं.

"मग द्या की आजोबा, नेतो."

"तो निवृत्त आहे," अण्णा म्हणाले. "आणि त्याची स्मृती पुसायची त्याची इच्छा नाही."

गाडीवाला मोकळी गाडी घेऊन निघून गेला.

वर केतकी विचारात पडली होती. चंद्रावर वस्ती झाली, की तिथे गच्चीवर टाकी ठेवून चालेल का? अण्णा म्हणाले, तिथे प्रत्येक वस्तूचं वजन सहावा हिस्साच भरतं, म्हणून तेवढ्याच उंचीवरून दाबही सहावा हिस्साच मिळेल. आपल्या सुतळीचा तिथे दोरा होईल. टाकी सहापट उंच लागेल, किंवा दुसरी काहीतरी युक्ती.

"ती मी काढीन," केतकी म्हणाली. "पण तिथे पंतांना न्यायचं. आणि बटण न्यायचं नाही."

गुंडोपंत दारात उभे होते. चाकांना गच्चीवरचा चिखल वाळून चिकटला होता.

"एक विनंती आहे," ते म्हणाले. "ज्या वस्तूची मी चोरी केल्याचे सांगण्यात आले, ती मला प्रत्यक्षात मिळालेली नाही. केवळ चाकांपुरती मिळाल्यास हमी रद्द होत नाही, याची मी खात्री करून घेतली आहे."

अण्णांनी बादली मिक्सरखाली ठेवली आणि पाणी बोटाने चाचपून पाहिलं. मग धोतर खोचून ते खाली बसले आणि एकेक चाक गरम पाण्याने धुऊ लागले.