पुस्तक मिट आणि सांग

ती रंगीत पेनं आधी खाली ठेवा. पुस्तक रंगवलं की अभ्यास झाला, असं मानणारी तुमची जात मला चांगली माहीत आहे. माझा भाचा त्यातलाच. वर्गात त्याला सगळे रंगारी म्हणायचे. वायरमनच्या परीक्षेत दोनदा आपटलेला. पुन्हा आपटला असता तर बाप शिक्षण बंद करून त्याला घरी बसवणार होता. तरी पठ्ठ्या तोच धडा परत परत वाचायचा, मान डोलवायचा आणि म्हणायचा, "येतंय की सगळं!" येतंय कसलं, डोंबल! नुसतं ओळखीचं वाटत होतं. शेजारी रोज दिसतो म्हणून काय त्याच्या घरातलं आपल्याला कळतं?

परीक्षा सोमवारी. रविवारी रात्री साडेदहाच्या सुमाराला या शहाण्याच्या लक्षात आलं, की पुस्तक वर्गातच राहिलंय. पहारेकऱ्याकडून किल्ली घेऊन गेला. पुस्तक बाकावरच होतं. आलोच आहोत तर एकदा नजर फिरवू, म्हणून बसला. पुन्हा नजरच!

थोड्या वेळाने मान वर केली, तर समोरच्या बाकावर एक मुलगा. अंगात कामाचा निळा सदरा. हात बाकाखाली. असेल परीक्षेचाच कोणी, असं भाच्याला वाटलं.

"पुस्तक मिट," मुलगा म्हणाला. "आणि सांग. मेन स्विच बंद केला. फ्यूज काढले. आता तारेला हात लावू?"

उत्तर पानावर चार रंगांत होतं. पुस्तक मिटलं आणि डोक्यात नुसते रंग उरले. "माहीत नाही" म्हणायला जीभ झडली होती का? पण ऐट मोठी.

"लाव की," भाचा म्हणाला. "मेन बंद आहे ना?"

मुलगा पुढे झुकला.

"मलाही... असंच सांगितलं होतं."

दिवा मंदावला. काहीतरी करपल्याचा वास.

"पुन्हा सांग."

भाच्याने दाराकडे पाहिलं... पाय उचलेनात. पुस्तकाला हात घातला... उघडेना.

"सांग..."

आता कुठे गडी आठवायला लागला! डोळे घट्ट मिटून. अडखळत. "आधी टेस्टर... तो चालतो का, ते चालू लाइनवर बघायचं... मग ही तार तपासायची... करंट नाही याची खात्री... मगच हात."

"पुढे?"

पहाटेपर्यंत तेच. पुस्तक बंद. प्रश्न. चुकला की तोच पुन्हा. हे काम त्याने रोज घरी बसून स्वतःच केलं असतं, तर मेलेल्या पोराला यावं लागलं नसतं. लाज वाटते मला सांगायला.

पास झाला. काठावर. एका रात्रीत काठच मिळतो.

निकालानंतर त्याने ते पुस्तक माझ्याकडे आणून टाकलं. घरात ठेवायची हिंमत नव्हती. मी उघडलं. वरची पानं धड. खालचीही धड. फक्त त्या एका पानावर... उत्तराच्या ओळींवर... पंजाचा करपलेला ठसा.

त्या रात्रीला महिना उलटून गेला होता. कागद अजून गरम होता.